पहिली जुळेल तीच वाट

कुसगाव, १९ मे

ती. शुभदामावशीस,

अमृतचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे तो कागदावरच घालतोय.) तुझे गुडघे काय म्हणतात? नर्सरीत मोगरा कसा आहे? मी ठीक आहे, म्हणजे जेवतो.

आमच्या रिसॉर्टमध्ये रजेचे अर्ज हल्ली मशीन बघतं. कामगारानं मोबाइलवरून दोन ओळी पाठवायच्या, मशीन त्यातले शब्द वाचून वाट धरतं: लग्न, आजारपण किंवा मयत. प्रत्येक वाटेचं उत्तर ठरलेलं. या वाटा ठरवायचं काम मालकांनी मॅनेजर म्हणून माझ्यावर सोपवलं. (घरी मला भाजी कुठली आणायची तेही ठरवू देत नाहीत.) पुण्याच्या अनघा नावाच्या इंजिनिअरबाईंनी फोनवर विचारलं, एका अर्जात दोन कारणं असली तर दोन्ही वाटांनी पाठवू, की पहिली जुळेल तीच? मी म्हटलं, पहिलीच. एका माणसाला दोन उत्तरं कशाला? आणि पहिली ठेवली लग्नाची, कारण लग्नसराई होती. अडलेले अर्ज थेट तुमच्याकडे यायची एक वाट ठेवू का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. माझा फोन आधीच फार वाजतो.

आमचा माळी कोंडू मळवलीच्या वरच्या वाडीतला. त्याची बायको बाया तुमच्या वडगावला दवाखान्यात होती, म्हणून छकुलीचं, म्हणजे मुलीचं, लग्न त्यांनी लांबवलं. घरात मोबाइल एकच, कोंडूचा. त्याला वाचता येत नाही, म्हणून छकुलीनंच त्यावरून अर्ज पाठवला, ‘आई लय आजारी हाय. माजं लग्न पुढं ढकाललंय. आबांना आठ दिस रजा पायजे,’ आणि ती आईपाशी गेली. मशीनला लग्न दिसलं. उत्तर आलं, ‘हार्दिक अभिनंदन. रजेसाठी पत्रिका पाठवावी.’ पुढं गुलाबाची दोन फुलं.

दुसऱ्या दिवशी कोंडू माझ्या दारात येऊन उभा राहिला. ‘साहेब, त्या रजेचं...’

मी मान वर केली नाही. ‘मोबाइलवर उत्तर आलंय ना?’

‘व्हय.’

‘मग झालं तर.’

तो झाडांकडे गेला. चौथ्या दिवशी बाया गेली. मयताच्या अर्जाला मात्र मशीननं दीड मिनिटात तेरा दिवसांची रजा दिली, शोकसंदेशासकट. सिस्टीम उत्तम चालली आहे, असं मालकांनी मला कळवलं.

काल कोंडू कामावर आला. मी चहा मागवला, तो त्यानं घेतला नाही. म्हणाला, ‘साहेब, अभिनंदन म्हंजी काय वो? वाचमननं मोबाइलवरचं पयलं तेवडंच वाचलं, म्हनला, चांगली बातमी आसती. मला वाटलं, तुमी दवाखान्यात इचारलं आसंल, बाया बरी हाय. म्हनून थांबलो.’

मी त्याला अर्थ सांगितला. वाटा कुणी ठरवल्या ते सांगितलं नाही. आज अनघाबाईंकडून माझ्याकडे यायची वाट उघडून घेतली. (अजून एकही अर्ज आलेला नाही.)

काकांना नमस्कार, तुझ्या गुडघ्यांना आराम.

तुझा,
अमृत

ता. क. तुझ्या नर्सरीत माणूस हवा होता ना? कोंडूला घे. हात चांगला आहे, बोलतो कमी. वडगाव त्याला सोयीचंही पडेल.

ता. क. सोयीचं पडणार नाही, लांब पडेल. पण माझ्या टेबलासमोर खिडकी आहे, आणि तो सकाळभर तिच्याखालीच पाणी घालत असतो. मावशी, त्याला घेऊन जा.