गाठी कुणी घासल्या

आप्पा, आज दुपारी तुमच्या नातीला मी सांगितलं की तुमचा डोळा तुमच्याच चुकीने गेला. बोलून गेले, आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाही. गॅसवरचं दूध उतू गेलं, बाल्कनीतले कपडे आत आणले ते पुन्हा नेऊन वाळत टाकले. शेवटी म्हटलं, लिहावं. पाठवायचा प्रश्नच नाही, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. त्याआधीची नऊ वर्षं येता-जाता समोर होतात, तेव्हा नाही जमलं.

नातीला तुम्ही बघितलंच नाही. पंधराची आहे. पंचवटीतून सायकल हाणत ग्राउंडवर जाते, लाकडी धनुष्याने नेम मारते, आणि महिनाभर तिच्या डोक्यात एकच खूळ, धनुष्य घरी करायचं, आजोबा करायचे तसं. पेठकडून धामणीच्या झाडाचं लाकूड मागवलं, हॉलमध्ये स्टुलाला बांधून तासलं, माझ्या सोफ्यातून अजून भुसा निघतोय. आता राहिली होती पाठ. धनुष्य ओढलं की आपल्याकडचं पोट दबतं आणि पलीकडची पाठ ताणली जाते, आणि फाटतं ते पाठीकडूनच, म्हणून पाठीवर दुसरा कसला तरी थर चिकटवायचा. कसला, यावरून आम्हा मायलेकींचं आठवडाभर वाजलंय. ती म्हणते बांबू. मी म्हणते, बांबू सोडून काहीही लाव. ढोल मढवणाऱ्याकडून मी बकऱ्याचं कातडं आणलं, तर नाक मुरडून म्हणाली, "पावसाळ्यात हे ओल धरणार आणि सुटणार." माझी जुनी रेशमी साडी काढली, तर, "आई, याने नुसता ढलपा उठायचा थांबेल, ताण नाही घेणार हे." मग गाडीच्या बंपरला लावतात ती फायबरची जाळी आणली. ते म्हणे तिच्या स्पर्धेत चालत नाही. दर वेळी बरोबर तीच, त्याचा जास्त राग येत होता. आपल्याकडे मिळणाऱ्या नैसर्गिक वस्तूंत बांबूच्या सालीइतकं ताणाला काहीच टिकत नाही, हे मलाही ठाऊक आहे, तुम्हीच तर सांगितलेलं. आज तिने मला न विचारता बांबूची पट्टी चिकटवून टाकली, सायकलच्या ट्यूबने करकचून बांधलीसुद्धा. मी आरडाओरडा केला. "बांबूचं एवढं काय वावडं आहे तुला?" तिने विचारलं, आणि मी म्हणाले, "आजोबांनी पट्टीच्या गाठी घासून सपाट केल्या होत्या. म्हणून मोडलं. म्हणून डोळा गेला."

गाठी मी घासल्या होत्या, आप्पा.

सायखेड्याचं आपलं परसदार, लिंबाखालचा तुमचा बाक. तुम्ही ओझरच्या कारखान्यात फिटर, आणि घरातही तुमचं एकच, बोट फिरवलं तर कुठं अडकाया नको. पाटाची कड, आईचं पोळपाट, फडताळाचं दार, कशालाही तुम्ही कानशीतून सोडलं नाही. मी बावीस वर्षांची, बीए होऊन घरी बसलेली, आणि तुमच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकायला हपापलेली. तुम्ही सकाळच्या शिफ्टला गेलात. धनुष्य भिंतीला टेकून उभं आहे. पाठीला लावलेल्या बांबूच्या पट्टीवर चार गाठी वर आल्यात, हाताला लागतात. मी कानस उचलते, मग पॉलिश पेपर, मग वॉर्निशचे दोन हात. दुपारी तुम्ही येता, डबा खाली ठेवता, डोळे मिटून अंगठा वरून खालपर्यंत नेता. "लय भारी हात हाय गं तुझा, बाई. काय बी अडकत नाय." खोटं कशाला बोलू, एवढा आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही. गाठीपाशीच बांबूचे धागे वर उचलून येतात, तिथे घासलं की ते तुटतात, हे मला माहीत नव्हतं. लोखंडावर उभा जन्म गेलेल्या तुम्हालाही त्या दुपारी ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोरी कानापर्यंत ओढलीत आणि काडकन आवाज झाला. तुम्ही खाली बसलात, डाव्या डोळ्यावर हात, बोटांमधून रक्त. दवाखान्यातून पट्टी बांधून आलात तेव्हा मोडका तुकडा उरलेल्या डोळ्याजवळ धरून बराच वेळ बघत होतात. बरोबर गाठीवर तुटला होता, वॉर्निशखाली कानशीच्या रेघा मला लांबून दिसत होत्या. मग तो तुम्ही बंबात घातलात. भेटायला येईल त्याला सांगितलंत, "गोंद कच्चा राह्यला माझा. आठ दिस सुकू द्यायचा आस्तो, म्या घाई केली." बारीक माप दिसेना म्हणून फिटिंग सुटलं, पुढे रिटायर होईपर्यंत स्टोअरला बसलात. आणि मला एक शब्द नाही! एरवी पाण्याचा तांब्या जागेवर नसला तर घर डोक्यावर घ्यायचात. तेव्हा एक थोबाडीत दिली असतीत तर रडून मोकळी झाले असते मी. तुमच्या त्या गप्प बसण्याचा राग येतो आप्पा, अजून येतो.

तर आज माझं बोलणं ऐकून पोरगी हसली. म्हणाली, "एवढं साधं कळलं नाही त्यांना? मग गोंद सुकायचे त्यांचे ते आठ दिवस तरी कशाला पाळायचे? उद्याच ट्यूब सोडते आणि ओढून बघते." ते आठ दिवस तर तुम्ही आधीपासून पाळायचात, मोडलं त्या खेपेलाही पाळले होतेत. आता तुमचं खरं सांगणंही ती ऐकणार नव्हती, आणि यावेळी डोळा तिचा होता.

मग सांगितलं सगळं. ओट्याला टेकून, तिच्याकडे न बघता, एका दमात. कानस, वॉर्निश, बंब. तिने ट्यूबचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "आठ दिवस ठेवते. गाठींना हात लावला नाहीये मी." बुटाची लेस बांधताना दारातून तिने विचारलं, "पण आजोबांना सांगितलं होतंस ना तू?"

"हो," मी म्हणाले, "सांगितलं की."

सातला ती ग्राउंडवरून येईल. त्याच्या आत मला हे तुम्हाला सांगून संपवायचंय.