घेते मी सांभाळून

१ फेब्रुवारी १९९९
लागले बाई एकदाची नोकरीला! अंबडच्या कारखान्यात, पर्सोनेल खात्यात, तेही पंख्याखालच्या खुर्चीत. निफाडला आई गल्लीभर पेढे वाटत असेल आणि शेजारची काकू जळत असेल. जळू दे मेली! कारखाना प्रेसकामाचा. पत्रा आत घालायचा, मशिन दाबून त्याचे भाग घडवतं. गेटवर मोठ्ठा बोर्ड आहे, 'येथे आजवर एकही अपघात झालेला नाही'. माझ्या साहेब प्रतिभामॅडम. कडक इस्त्रीची साडी, बोलणं गोड, पण खुर्चीतून म्हणून हलत नाहीत. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या टेबलावर चहा सांडला. म्हटलं, आता खैर नाही! पण मॅडम हसल्या. म्हणाल्या, घाबरू नकोस गं, इथे आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो. माणसं चांगली भेटली.

९ फेब्रुवारी
नखांना गुलाबी नेलपॉलिश लावून, कानांत आईने दिलेले डूल घालून गेले. मॅडमना आवडलं. म्हणाल्या, बाहेरच्या माणसाला कंपनी आधी आपल्यातच दिसते, अशीच टापटीप राहा.
दुपारी प्रेसवरच्या भिकाची दोन बोटं गेली. पेठकडचा अबोल माणूस. काम भरभर उरकावं म्हणून मशिनची हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी सुपरवायझरनेच काढून ठेवलेली, हे सगळ्यांना ठाऊक. पण पुढच्या आठवड्यात जपानी गिऱ्हाईक येणार. मॅडम म्हणाल्या, सरकारी इन्स्पेक्टरना सांग की भिका घरी लाकडं तोडताना बोटं कापून आला. कन्फर्म व्हायचंय ना? मग सांभाळून घे. मी म्हटलं, घेते मी सांभाळून. आणि इतक्या सफाईने सांगितलं की मलाच खरं वाटलं! भिकाची बायको लंकाबाई गेटवर ओरडत होती की तिचा धनी कोयत्याला शिवलाबी नाय. मी तिला आत येऊ दिलं नाही. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माझी नोकरी आठ दिवसांची, मी कुठे तोंड उघडू?

११ फेब्रुवारी
टाइप करताना उजव्या हाताची दोन बोटं उठतच नाहीत. टाचणी टोचली, काही कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, ताण असेल. बोटांना मशिनच्या तेलाचा वास येतोय. साबणाने जात नाही.

१५ फेब्रुवारी
उठले तर बोटं नव्हती.
रक्त नाही, जखम नाही. तिथे गुळगुळीत कातडी, जन्मापासूनच नसावीत तशी. रुमाल गुंडाळून गेले. ऑफिसात कोणी विचारलं नाही. एकानेही नाही.

१६ फेब्रुवारी
भिका कामावर आला. पाची बोटं धड! त्यातली दोन गोरी, नाजूक. नखं गुलाबी.
माझी आहेत ती! माझी!
मी किंचाळले तर बिचारा पाया पडला. म्हणाला, जुन्या लोकांना म्हाईत हाय ताई, जो सांभाळून घेतो त्याचं जातं. आता खरं बोलू नका, बोललात तर माझी परत जातील, मला लेकरं हायेत. तुमचं टेबलावरचं काम, तीन बोटांत भागंल.
भागेल म्हणे.

१७ फेब्रुवारी
मॅडमना जाब विचारला. त्यांनी शांतपणे साडीचा काठ वर केला. उजवं पाऊल नाही. म्हणाल्या, प्रेसवरच्या जुन्या सावळीरामची चाल बघ कधी, माझ्याच पावलाने चालतो. आता मी जुनी झाले, आता नव्यांनी घ्यायचं. आणि हसून म्हणाल्या, बघ, आपला बोर्ड काही खोटा नाही.
उद्या इन्स्पेक्टर येणार, गिऱ्हाइकांबरोबरच. सगळं सांगणार मी. भिकाचं काय होईल ते होवो. हात माझा आहे! मला माझी बोटं हवीत.

१८ फेब्रुवारी
डाव्या हाताने खरडतेय. टेबलाखाली बसून—
इन्स्पेक्टर समोर होते. पाहुणेही. आता सांगते म्हणून तोंड उघडलं तोच प्रेसकडून किंकाळी— बारकू, परवाच लागलेला, दोन लेकरांचा बाप— जाळी अजून तशीच काढलेली— वाकला होता— डोकंच—
पाहुण्यांनी विचारलं, काय झालं. सगळं ऑफिस माझ्याकडे वळलं. मॅडमच्या हातात कन्फर्मेशनचं पत्र. मी खरं बोलणार होते गं आई, देवाशपथ— पण हसले. सवयीने. म्हटलं, काही नाही, किरकोळ आहे, घेते मी—
बोटांना आठवडा लागला होता. हे लगेच— हनुवटी बधिर. जीभ—
तेलाचा वास—
बाहेर टाळ्या वाजतायत. बारकू उठून बसला म्हणतात. हसतोय म्हणतात. त्याच्या कानांत डूल आहेत, माझे—