टाकीकडची बाजू

ता. ३ ऑक्टोबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानेच जुळवतोस, म्हणून पत्र. दुकान बरं चाललंय. या आठवड्यात दोन दवाखान्यांच्या आणि एका शिवणवर्गाच्या पाट्या रंगवल्या. त्याआधी एक भलीमोठी पाटी फुकट रंगवली होती, ती तू परवाच्या फुटबॉल सामन्यात पाहिली असशील: ‘कासवगुरुजी, आता घरी जा!’

हो, तुमच्या प्रशिक्षकांसाठीच. घरच्या मैदानावर सलग चार सामने आणि जिंकला एकच. सामन्यांना जाणारी आम्हा समर्थकांची बस नुसती पेटलीय. वीस तारखेला समर्थकांची सभा आहे. प्रशिक्षकांना काढा, अशा अर्जावर चारशे सह्या झाल्यात. तो क्लबच्या समितीकडे गेला की त्यांचं गाठोडं बांधलंच म्हणून समज.

तीस वर्षं ते मैदान राखणारा माझा सख्खा मामा आहे, हे मी बसमध्ये छाती फुगवून सांगून ठेवलंय. तुझी सही सगळ्यांत वर हवी. जागा कोरी ठेवलीय. नाही म्हणालास तर माझं नाक कापलं जाईल.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, त्यात एका सहीची भर पडावी.

तुझी,
चिमणी

ता. ७ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मामीने इतक्या मोठ्याने वाचलं की शेजारच्या दोन घरांनाही तुझं दुकान बरं चाललंय हे कळलं. सही मिळणार नाही.

माणूस सरळ आहे. रोज सकाळी खेळाडूंच्या तासभर आधी येतो, ऊन असलं तरी हातात छत्री. साऱ्या मैदानाला एक फेरी मारतो, पण मी आखलेल्या चुन्याच्या रेषेवर पाय देत नाही. माझ्या कारकिर्दीत नऊ प्रशिक्षक झाले. बाकीच्या आठांनी माझ्या रेषा खुशाल तुडवल्या.

नाकाची काळजी करू नकोस. आपल्या घराण्यात ते मुळातच लांब आहे. मामी तुझ्यासाठी स्वेटर विणतेय, बाह्यांचं माप कळव. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
मामा

ता. १० ऑक्टोबर

ती. मामास,
सा. न. वि. वि., पण जरा रागानेच.

रेषा न तुडवल्याचे गुण मिळतात का रे? चारही सामन्यांत चेंडू कुठे कुठे गेला ते मी टिपून ठेवलंय, कागद सोबत जोडलाय. पहिल्या अर्ध्यात आपले लोक डावीकडे फिरकत नाहीत, दुसऱ्या अर्ध्यात उजवीकडे. अख्ख्या संघात पळणारा म्हणावा असा एक तो डावीकडचा खेळाडू, तर तो मध्यंतरापर्यंत उभ्याउभ्या मोजे वर ओढत बसतो! हे डावपेच म्हणायचे की डोकं ठिकाणावर नाही म्हणायचं?

तू काहीतरी लपवतोयस. लहानपणी मी बरणी फोडली तेव्हा मामीला सांगताना तू असाच नाकाबिकाच्या गोष्टी करत होतास. खरं कारण लिही. राग तात्पुरता, लोभ कायमचा.

तुझी,
चिमणी

(बाही बावीस इंच.)

ता. १४ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझा कागद टेबलावर पसरून बराच वेळ बघत बसलो. अगं, मध्यंतरानंतर संघ टोकं बदलतात. पहिल्या अर्ध्यातली डावी बाजू आणि दुसऱ्यातली उजवी, ही एकच जागा. पाण्याच्या टाकीकडची.

उन्हाळ्यात तिथे मी नवी हिरवळ बसवली. त्याखाली पाणी वाहून नेणारी नळी आहे. ती मीच टाकलेली. नकाशा कचेरीत आहे, पण मला नकाशा कशाला, हा माझा तोरा. अंदाजाने काम केलं आणि नळीचं तोंडच बुजवलं. आता तिथे वर गालिचा आणि खाली चिखल. चेंडू पडला की बसतो. गॅलरीतून काही कळत नाही.

प्रशिक्षकाच्या छत्रीचं टोक एका सकाळी वीतभर आत गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी कबूल केलं. खणायचं तर तीन आठवडे मैदान बंद, आणि समोर चार सामने. समितीला माझ्या जागी बाहेरची कंपनी आणायचीच आहे, तिला आयतं निमित्त मिळालं असतं. निवृत्तीला माझे आठ महिने उरलेत. तो म्हणाला की चार सामने मी त्या बाजूशिवाय काढतो, तुम्ही नंतर खणा, आणि कुणाला बोलू नका.

मी बोललो नाही. त्या सामन्यात तुझी पाटी कुंपणापाशी उभा राहून वाचली. अक्षर फार सुरेख होतं. चूक माझी आणि ती पाटी वाचत प्रशिक्षक उभा होता. त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही.

आज सकाळी त्याला न विचारता समितीच्या चिटणिसांना सगळं सांगून आलो. हे पत्र तू सभेत वाच. माझी लाज राखायला एक ओळही गाळू नकोस. माया उरली तर कळव.

तुझा,
मामा

ता. २१ ऑक्टोबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

काल वाचलं, एक ओळ न गाळता. तोऱ्यापर्यंत आले तेव्हा मागून कुणीतरी हसलं, पाटीपर्यंत आले तेव्हा कुणीच हसलं नाही. मग बसचे ड्रायव्हरकाका उठले आणि म्हणाले की चारशे माणसं नव्वद-नव्वद मिनिटं डोळे फाडून बघत होती, पण मैदान एकालाही दिसलं नाही. अर्ज मागे घेतला. आठ जण अजून अडून बसलेत, त्यांचा राग गोलरक्षकाच्या निवडीवर आहे. तो त्यांचा हक्क.

मी प्रशिक्षकांना माफीचं पत्र टाकलंय. पाटी मीच रंगवली, हेही लिहिलं. पण समिती तुझं काय करणार? जीव टांगणीला लागलाय. माया उरली का विचारतोस? मोजत बसू नकोस, लवकर लिही.

तुझी,
चिमणी

ता. ९ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

उशीर झाला, खणत होतो. समितीत कंपनीचं नाव निघालंच. तेव्हा प्रशिक्षक म्हणाला की नळी कुठे बुजली हे बुजवणाऱ्यालाच ठाऊक, दुसरा आणाल तर अख्खं मैदान उकरून ठेवेल. सगळे हसले आणि मला आठ महिने मिळाले. अट एकच, नकाशा माझ्या खोलीच्या भिंतीवर लावायचा. बाहेर आल्यावर त्याने मला न विचारता गेल्याबद्दल चांगलं झापलं.

कालचा सामना तू पाहिलासच. दोन्ही बाजूंनी खेळले आणि तीन-एक हरले. दमलेला माणूस त्याने फार उशिरा बदलला, हे मलाही दिसलं. त्यावर तू जे ओरडलीस ते मामीने घरी बसून ऐकलं असेल.

सामना संपल्यावर तो रेषेला वळसा घालून माझ्यापाशी आला. म्हणाला, आजची बोलणी खास माझ्या चुकीची होती, कुणाचं काही पोटात ठेवायचं नव्हतं. मग मी विचारल्यावर कबूलही केलं की वीस मिनिटं आधी बदलायला हवा होता. आणि शीळ घालत घरी गेला.

पुढच्या शनिवारी ये. स्वेटर तयार आहे, एक बाही मोठी झालीय. लोभ असू दे, आवाज आहे तेवढा पुरे.

तुझा,
मामा