कपड्यांच्या दोरीवरून समुद्राचा कारभार काढून घेण्याबाबत

प्रति,
मा. पर्यटन माहिती अधिकारी,
समुद्रकिनारा विभाग,
बाजारपेठेमागील इमारत, थंडगार मजला.

विषय : माझे धुतलेले कपडे हे फक्त कपडे आहेत, असे शासनाने मान्य करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले माहितीपत्रक ‘आमच्या किनाऱ्यावर आपले स्वागत’, पान चार.
२) आपली मला आलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

खाली सही करणारी मी किनाऱ्यामागची लॉण्ड्री चालवते. सगळे मला लॉण्ड्रीवाल्या काकू म्हणतात. आपण नोटिशीत मला ‘सूचनाचिन्हधारक’ म्हटले आहे. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूबाईंनी मला बरेच काही म्हटले, पण असे कधी म्हटले नव्हते. म्हणून लिहिणे भाग आहे.

१. माझ्याकडे तीन हॉटेलांचे कपडे येतात. मोठ्या हॉटेलचे टॉवेल हिरवे. नवीन लग्न झालेल्या जोडप्यांचे जे हॉटेल आहे, त्यांच्या चादरी लालभडक. तिसऱ्याचे सगळे पांढरे, निदान विकत घेतले तेव्हा तरी होते. मी धुते, सून इस्त्री करते, दीर सायकलवरून गठ्ठे पोचवतात. वाळूवर, भरतीचे पाणी पोचत नाही अशा जागी, आमच्या दोऱ्या सासूबाईंच्या वेळेपासून आहेत. तिथे वारा चांगला लागतो. शासनाचा आणि आमचा एवढाच संबंध होता, म्हणजे काहीच नव्हता.

२. मग आपले पत्रक निघाले. छपाई सुरेख आहे. पाणी बाराही महिने कोमट, बस ठरावीक अंतराने, उन्हात टोपी घालावी, स्थानिक लोक हसतमुख आहेत. हे शेवटचे कोणाला विचारून छापले ते कळवावे, मला कोणी विचारले नव्हते. पान चारवर ठळक अक्षरांत लिहिले आहे, “किनाऱ्यावर लाल कापड दिसल्यास पाण्यात उतरू नये. हिरवे कापड दिसल्यास निर्धास्त पोहावे.” त्यासाठी आपण एक खांबही रोवलात, तो नेमका आमच्या दोरीशेजारी. खांब आला, दोरी आली, चाक आले, उद्घाटन झाले, फोटो निघाले. कापड आले नाही. आता पाहुण्यांनी काय करावे? खांबावर कावळा आणि शेजारी आमच्या दोरीवर रंगीत कापडच कापड. ते बिचारे आमची दोरी वाचू लागले.

३. सुरुवातीला आम्ही हसलो, हे कबूल करते. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा स्वस्थ होता आणि आम्ही चादरी वाळत घातल्या होत्या, त्या दिवशी अख्खी बसभर माणसे पोहण्याच्या कपड्यांत वाळूवर बसून कुरकुरत होती. एक सद्गृहस्थ येऊन विचारतात, “काकू, आज लाल किती वेळ राहील?” मी म्हटले, “वाळेपर्यंत.” ते आभार मानून परत गेले आणि त्यांनी ते सगळ्यांना समजावून सांगितले. पांढरे घातले की मंडळी बुचकळ्यात पडायची. एकदा आमच्या घरचे पट्ट्यापट्ट्यांचे पडदे घातले, तर एक कुटुंब गुडघ्यापर्यंतच पाण्यात जाऊन उभे राहिले आणि पुढच्या सूचनेची वाट बघत बसले.

४. हसू फार दिवस टिकले नाही. खवळलेल्या समुद्रावर हिरवे टॉवेल फडफडताना दिसले की माणसे आनंदाने पाण्याकडे धावायची आणि मी वाळूत ओरडत त्यांच्यामागे. माझे वय आणि माझे गुडघे आपण पाहिलेले आहेत. मी आपल्या कार्यालयात आले. आपल्या कारकुनांनी पत्रक उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “छापून झालंय ना आता, काकू. पुढच्या छपाईत बघू.” मी म्हटले, मग मी दोन झेंडे शिवून देते, कापड माझे, शिलाई माझी. त्यावर ते म्हणाले, “झेंडा म्हटला की मंजूर नमुना लागतो. टॉवेलला नमुना लागत नाही.” हे वाक्य मी घरी येऊन सुनेला सांगितले, तर ती इस्त्री बाजूला ठेवून कपाळाला हात लावून बसली.

५. त्यानंतर आपण स्वतः पाहणीला आलात. बूट वाळूत भरू नयेत म्हणून आमच्या धुण्याच्या दगडावर उभे राहिलात आणि तिथूनच तोंडी हुकूम दिलात. “काकू, कापडं तुमच्याकडे आहेतच. समुद्र बघून वाळत घालत जा. शासनाचा खर्च कशाला वाढवायचा?” मी विचारले, समुद्र कसा आहे ते मला कोण सांगणार? आपण म्हणालात, जीवरक्षक सांगेल. जीवरक्षकाचे पद रिक्त आहे. त्याची उंच खुर्ची मात्र रिक्त नाही, तिच्यावर आपल्या कार्यालयाच्या छत्र्या ठेवल्या आहेत. तेव्हा आपण म्हणालात, “मग तुम्हीच बघा. जन्म गेला ना तुमचा इथे?” गेला, साहेब. साबणाच्या पाण्यात गेला. समुद्रात मी घोट्याच्या वर कधी गेले नाही, मला पोहता येत नाही आणि मला ते सगळे नुसते पाणी दिसते. हे मी त्याच वेळी सांगितले होते. आपण घड्याळ बघत होतात.

६. तरी हुकूम पाळला. समुद्र भीतिदायक वाटला की लाल. त्यामुळे वादळी हवेच्या दिवसांत मोठ्या हॉटेलचे टॉवेल आत पडून कुबट वास मारू लागले. तिकडचे मॅनेजर येऊन म्हणाले, “काकू, दोन तरी हिरवे बाहेर दिसू द्या. गिऱ्हाईक खोलीत बसून कंटाळतं आणि जेवणाला नावं ठेवतं.” मी त्यांना हाकलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे टॉवेल परत नेले आणि काम तोडले. मग लाल चादरीवाल्यांची तक्रार आली, की आमच्या हॉटेलची चादर बघून लोकांना बुडण्याची आठवण होते, नव्या जोडप्यांच्या मनावर परिणाम होतो. याचे उत्तर आपल्याकडे असेल तर त्यांना द्यावे.

७. आता घडलेला प्रकार. त्या दिवशी सकाळपासून लाटा वाईट दिसत होत्या आणि दोरीवर लाल चादरी होत्या. दुपारी पावसाचे थेंब आले. थेंब आले की धोबीण काय करते? कपडे आत घेते. माझे हात समुद्राला विचारायला थांबले नाहीत. सर पटकन ओसरली, ऊन पडले आणि मी आत घड्या घालत होते. बाहेर एक वडील आणि त्यांची लहान मुलगी पाण्यात उतरली. आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो तेव्हा मुलगी दिसतच नव्हती. माझ्या सुनेला पोहता येते. तिने आमची कपड्यांची दोरी बांबूवरून ओढून तोडली, कमरेला बांधली आणि आत गेली. मी तिला अडवले नाही. अडवावेसे वाटले होते, फार वाटले होते, तेही इथे लिहून ठेवते. दीर आणि शेजारचा नारळवाला दोरी धरून ओढत होते. मुलगी मिळाली. वडील नाकातोंडात पाणी गेलेले, पण मिळाले. सुनेचा खांदा निखळला. तिचा हात अजून गळ्यात बांधलेला आहे आणि इस्त्री बंद आहे.

८. यानंतर आपल्या कार्यालयातून कोणीतरी येईल असे वाटले होते. आली ती नोटीस. ‘शासकीय सूचनाचिन्ह परवानगीशिवाय उतरवणे’ आणि ‘सदर चिन्हाची दोरी तोडणे’ याबद्दल आमच्या दोऱ्या किनाऱ्यावरून का हटवू नयेत, याचा मी खुलासा करावा. आपण झेंडा आणला नाहीत, माणूस नेमला नाहीत, आणि खापर फोडायला चादर सापडली. ज्या दोरीने दोन माणसे बाहेर काढली ती तोडल्याचा मी गुन्हा केला. वेळ आली तर पुन्हा करीन. शिवाय पत्रकाची नवी आवृत्ती निघाली असून तीत आमच्या दोरीचा फोटो आहे आणि खाली लिहिले आहे, ‘कपड्यांद्वारे सूचना देण्याची स्थानिकांची जुनी, मनोहर पद्धत’. रोज माणसे फोटो काढायला येतात. सुनेला म्हणतात, जरा हसा.

९. त्या मुलीचे वडील दवाखान्यातून सुटल्यावर भेटायला आले होते. भांडायला आले असते तर बरे झाले असते. ते शांतपणे म्हणाले, “काकू, आम्ही सकाळपासून थांबलो होतो. तुम्ही चादर काढलीत, म्हणून उतरलो.” साहेब, मला याची लाज वाटते. झोपताना वाटते, भांडी घासताना वाटते. ही लाज माझ्या वाट्याची नाही हे मला पक्के ठाऊक आहे, आपल्या टेबलावरची ती माझ्या अंगणात येऊन पडली आहे, पण कोणीतरी ती बाळगायला हवी आणि आपल्याकडे जागा दिसत नाही.

१०. सबब खुलासा असा. परवानगीशिवाय चिन्ह उतरवू नये, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. नवी दोरी बांधली आहे. तिच्यावर माझ्या स्वतःच्या अंथरुणाची लाल चादर टाकली आहे. ती वाळली, पावसात भिजली, पुन्हा वाळली, उन्हाने विटू लागली, पण मी हात लावलेला नाही. समुद्र सध्या शांत आहे असे नारळवाला म्हणतो. असेल. मला त्यातले कळत नाही, आणि ज्यांना कळायला हवे त्यांना नेमलेले नाही. तिन्ही हॉटेलांची गिऱ्हाइके वाळूवर बसून आहेत. मॅनेजर मंडळी माझ्याकडे हात जोडून आली होती. त्यांना आपला पत्ता दिला आहे.

तरी चादर उतरवण्याची लेखी परवानगी आपल्या सहीशिक्क्यानिशी, ‘आज समुद्र सुरक्षित आहे’ अशा शब्दांत, रोजच्या रोज सकाळी मिळावी. किंवा मग जीवरक्षक आणि दोन झेंडे पाठवावेत. यातले काहीही न झाल्यास चादर आहे तिथेच राहील आणि दोरी हटवायला जो येईल त्याला सून एका हाताने आणि मी दोन हातांनी भेटू.

आपली, नोटिशीनंतरही नम्र,

(सही)
लॉण्ड्रीवाल्या काकू
किनाऱ्यामागे, खांबाशेजारी
दिनांक : खुलाशाच्या मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत :
१) पत्रक, दोन्ही आवृत्त्या.
२) आपली नोटीस. भिजली होती, इस्त्री करून पाठवत आहे.
३) लहान मुलीची चप्पल, डाव्या पायाची. दुसऱ्या दिवशी लाटेबरोबर वाळूवर आली. तिच्या घरचा पत्ता आपल्या नोंदीत असेल तर पोचवावी. नसेल तर आपल्या टेबलावर राहू द्यावी.