बेलाखालचा पांढरा ठिपका

औसा, दि. ४ नोव्हेंबर २०२५

चि. दीपमालास आज्जीचे अ. आ. वि. वि.

औशात आज्जी म्हणून एक बाई ऱ्हाती, हे तुझ्या ध्यानात हाय ना? नसंल तर आधी वळख सांगते. नाव केवळाबाई, दात चार, कान अर्धा, आणि दिवाळीत जिच्या हातच्या करंज्या तू उभ्या-उभ्या संपवल्यास ती मीच. जाताना म्हणली होतीस, नांदेडला गेल्या गेल्या शेताचा नकाशा काढून पाठवते. गेल्या गेल्या म्हणजे तुमच्यात किती दिवस?

फोनवर मला नुसती माशी घोंघावल्यावानी ऐकू येतं, म्हणून ही चिठ्ठी. लिहायला शेजारची बानो बसली हाय, गिऱ्हाइकाचा ब्लाउज मशीनवर अर्धा ठेवून. मी बोलते तसंच लिही म्हणलं, तर मधीच थांबून विचारती, खाला, ही शिवी हाय का, लिहू का?

तू मला मोबाईलवर दाखवलं होतंस ते ध्यानात हाय माझ्या. गावाचं नाव टाकायचं, नंबर टाकायचा, की शेत समोर येतं. बोटानं ढकललं की सरकतं, चिमटीनं उघडलं की मोठं होतं. ज्या बांधावर माझ्या टाचा फुटल्या तो तू पलंगावर पडून बघतीस. बघ बापा. तुझ्या पायाला काटा तरी मोडणार न्हाई.

आता थट्टा ऱ्हाऊ दे, काम हाय. परवा लिंबाजी सांगत आला, आपलं शेत बटईनं करतो तो, की सोलापूर रोडकडच्या कोपऱ्यात खुंट्या ठोकल्यात. मी काठी घेऊन गेले. खरंच की. लाल फडकी बांधलेल्या खुंट्या, आणि त्यांच्या मधोमध बेलाचं झाड आणि तुझे आजोबा.

तू तेव्हा लहान होतीस, म्हणून सांगते. आपल्यात माणूस गेला की जाळत न्हाईत, मातीत बसवतात, आणि शेत असंल तर आपल्याच शेतात. ह्यांना बेलाखाली बसवलं. (नाव मी तोंडानं घेत न्हाई, बानो लिहील: आप्पासाहेब.) त्यांच्या डाव्या अंगाला एक माणूस बसंल एवढी जागा सोडली हाय, ती माझी. एवढ्या वर्षांत त्या कोपऱ्यात नांगर फिरू दिला न्हाई. गवत आलं तर हातानं उपटते.

खुंट्या ठोकणाऱ्या पोरांना विचारलं, कुणाची मोजणी रे? तर एकानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. जिला अक्षर कळत न्हाई तिला नकाशा दाखवून तो मोकळा झाला. म्हणून तू बघ. शेजारच्यानं बांध कोरला असंल तर सांग, अजून काठी उचलता येती मला. तुझ्या बापाला इतक्यात कळवू नको. बापाच्या जागेत कुणी खुंटी मारली म्हणलं तर रेल्वेचं ऑफिस टाकून पळत यायचा.

आशीर्वाद हाईतच. तू विसरलीस तरी ते आटत न्हाईत.

तुझी आज्जी
हस्ते बानो

*

नांदेड, दि. १२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आज्जीस दीपमालाचे शरणार्थ. वि. वि.

पत्र पोचले, टोमणेही पोचले. करंज्या उभ्याने खाल्ल्या कारण तू बसूच दिले नाहीस. सारखी माळ्यावरचे डबे काढायला लावत होतीस.

नकाशा काढला. रंगीत छापून सोबत पाठवते आहे, बानोमावशी बोट ठेवून दाखवतील. पिवळ्या रेघा म्हणजे बांध. प्रत्येक तुकड्यावर त्याचा नंबर. रेघांच्या खाली आकाशातून काढलेला फोटो आहे, म्हणून हिरवे दिसते ते पीक, राखाडी दिसते ती मोकळी जमीन.

आपला गट ११८. पण आज्जी, मी शोधला तेव्हा ११८ एकटा आलाच नाही. ११८/१ आणि ११८/२ असे दोन आले. मोठा तुकडा पप्पांच्या नावावर आहे. रस्त्याकडच्या लहान तुकड्यावर उदगीरच्या मडिवाळप्पा नावाच्या धान्य व्यापाऱ्यांचे नाव आहे. मला वाटले, मीच चुकीचे गाव निवडले. पुन्हा पुन्हा टाकून पाहिले. तेच.

बांध कोणी कोरलेला नाही, आज्जी. तू सांगू नको म्हणाली होतीस, पण मी न राहवून जेवताना पप्पांना विचारले. ते म्हणाले, हो, विकला तो कोपरा, उन्हाळ्यात, अव्वा (म्हणजे तू) डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लातूरला होती तेव्हा मोजणी झाली. तिथे काही पिकत नाही, नुसते पड आहे, तिला सांगून कशाला घोर लावायचा. सगळे इथे बसूनच ठरले म्हणाले. एजंटाने मोबाईलवर हाच नकाशा उघडला आणि पप्पांनी बोटाने दाखवले, इथून इथपर्यंत.

मग त्यांनी मला तो फोटो मोठा करून दाखवला. चहूबाजूंनी हिरवेगार सोयाबीन, आणि त्या कोपऱ्यात राखाडी माती, एक झाड, झाडाला लागून एक पांढरा ठिपका. हा ठिपका कसला, मी विचारले. खडक असेल, म्हणाले, आणि भाकरी मोडून घेतली.

मी तिथे शेवटची आले तेव्हा पहिलीत होते, मला वरून ओळखू येत नाही. आज्जी, तो खडकच आहे ना? हो म्हण, म्हणजे मला झोप लागेल.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
दीपमाला

*

औसा, दि. १९ नोव्हेंबर २०२५

चि. दीपमालास अ. आ. वि. वि.

नकाशा बानोनं मशीनच्या फळीवर पसरला. ती बोट ठेवायली तर मी म्हणलं, थांब, सांगू नको, मीच हुडकते. रस्ता कळला. विहीर कळली, काळ्या टिकलीवानी. लिंबाजीचं खोपटं कळलं. मग बेल कळला.

तो खडक न्हाई, बाळ. दरसाल येळवशीच्या आदल्या दिवशी मी समाधीला चुना देते. गेल्या साली दोन हात दिले, म्हणलं पांढरंधोट दिसू दे. एवढं पांढरं झालं की आभाळातून दिसलं. पोराला तेवढं दिसलं न्हाई.

खडक. बानोला म्हणलं, हा शब्द जरा मोठ्या अक्षरात लिही.

तिथं काही पिकत न्हाई म्हणला तो. पिकतं की. आम्ही पिकू दिलं न्हाई. बैलाचा खूर ह्यांच्या डोक्यावरून जाऊ नये म्हणून लिंबाजी तिथं औत उचलून वळवतो. मी लिंबाजीला विचारलं, उन्हाळ्यात मोजणी झाली तेव्हा गप का बसलास? तो म्हणला, मालकानं विकलं, म्हणजे मालकिणीला इचारूनच विकलं असंल. त्याला काय बोलू?

तुमच्या नांदेडात येळवस कुणी करत न्हाई, म्हणून तुला ठाऊक नसंल. मार्गशीर्षाच्या अमावशेला आमच्या लातूरकडं गावात कुत्रं ऱ्हात न्हाई, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटी करायची, भज्जी, उंडे, आंबील खायची, आणि दिवस कलला की बांधाबांधानं आंबील शिंपत शेताला फेरा घालायचा. तुझा बाप एवढासा होता तेव्हा मडकं घेऊन पुढं तो, मागं हे. बेलाजवळ बांध कसा वाकतो, कुठं ठेच लागती, ते त्याच्या पायाला पाठ होतं. नोकरी लागल्यापासून एका साली सुट्टी न्हाई, एका साली तुझी परीक्षा, एका साली त्याचं कंबरडं. पाय विसरले आणि मग बोटानं रेघ मारली.

त्यानं फसवलं न्हाई मला. हे गेल्यावर हक्कसोडीवर अंगठा मीच दिला. एकुलता एक हाय, म्हणलं, शेत त्याच्याच नावावर असू दे. त्यानं चोरी केली असती तर बरं झालं असतं. चोराला निदान काय नेलं ते ठाऊक असतं.

ही चिठ्ठी त्याला वाचून दाखव. जेवताना न्हाई. जेवण झाल्यावर.

तुला आता झोप लागणार न्हाई, त्याला माझा इलाज न्हाई. माया मात्र होती तेवढीच हाय.

आज्जी
हस्ते बानो

*

नांदेड, दि. २७ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप अव्वाच्या चरणी दयानंदाचा सा. न. वि. वि.

दीपमालाने पत्र वाचून दाखवले. झाले ते फार वाईट झाले. पण अव्वा, वरून पाहिले की सगळे सारखेच दिसते ग. एजंट म्हणाला, पडीक कोपरा आहे तेवढा देऊन टाका, आणि मलाही तो पडीकच दिसला. आप्पांना बसवले तेव्हा मी तिथे होतोच, पहिली माती माझ्याच हातची. पण त्या दिवशी माझे लक्ष जागेकडे कुठे होते? माझ्या डोक्यात तो बेल विहिरीजवळ होता. इतकी वर्षे विहिरीजवळच होता.

कारणे लिहीत नाही, तुला ती बहाणे वाटतील.

एक मार्ग काढला आहे. इथल्या मठातल्या अय्यांना विचारले, विधी करून समाधी हलवता येते म्हणाले. विहिरीजवळ चांगली सपाट जागा आहे. ग्रॅनाईट बसवू, वर लहानशी छत्री करू. तुझीही जागा तिथेच शेजारी आत्ताच बांधून घेऊ, म्हणजे पुढे ऐनवेळी कोणाची धावपळ नको. मी नकाशावर खूण करून ठेवली आहे. दीपमाला ते लोकेशन बानोच्या मोबाईलवर पाठवील. पाहून पसंत असल्यास कळव.

यंदा येळवशीला नक्की येतो. रजेचा अर्ज दिला आहे.

राग धरलास तरी चालेल, पत्र बंद करू नकोस, एवढेच मागणे.

तुझा
दयानंद

*

औसा, दि. ९ डिसेंबर २०२५

चि. दयानंदास अव्वाचा आ. (अनेक म्हणायची रीत हाय. बानोला म्हणलं, सध्या एकच लिही.)

तुझी खूण बघितली. बानोच्या मोबाईलवर लाल थेंब उलटा उभा होता. माझ्या मरणाची जागा अशी तळहातावर घेऊन मी पयल्यांदाच बघितली. बानो म्हणली, खाला, खाली लिहिलंय, रस्ता दाखवू का? म्हणलं नको, तेवढा रस्ता म्हाईत हाय मला.

मडिवाळप्पा शेटजी येऊन गेले. उदगीरचे ते, तुझे गिऱ्हाईक. त्या कोपऱ्यात त्यांना वखार बांधायची हाय. गाडीतून उतरले, बेलाच्या रोखानं चालत आले, आणि लांबच चपला काढल्या. मी गवत उपटत बसले होते. अव्वा, इथं कोण बसल्यात, म्हणले. तो माणूस जल्मात कधी तिथं आला न्हवता, दयानंदा. मी म्हणलं, माझे मालक. मग ते म्हणले, हे तर मला कुणी बोललं न्हाई, कळलं असतं तर ही जागा मी मागितलीच नसती, विकणाराचे हे कोण लागतात? मी गवत उपटत ऱ्हाइले.

भागीदार हाईत, पाया आखून झालाय, आता परत देता येत न्हाई म्हणले. समाधीला मात्र धक्का लावणार न्हाईत. भिंतीच्या आत तेवढी राखतील, मी कधी बी जावं, राखणदार फाटक उघडील. म्हणजे नवऱ्याला भेटायला मी आता फाटकावर उभी ऱ्हायची. आणि डाव्या अंगाची माझी जागा गेली. तिथूनच भिंतीचा पाया जातोय. हे सांगताना शेटजींनी मान खाली घातली. परक्या माणसानं.

समाधी हलवायची न्हाई. बसलेल्या माणसाला त्याच्याच शेतातून उठवायचं, हे कुठल्या अय्यानं तुला सांगितलं ते मला नावानिशी कळव. ग्रॅनाईट फ्लॅटातल्या ओट्याला लाव.

माझी दुसरी जागा ठरली हाय. परवाच्या रविवारी दीपमाला एकटीच बसनं आली होती. तिला बांधाबांधानं सगळं शेत फिरवलं. काटे मोडले, रडली न्हाई. एका जागी उभी केली आणि सांगितलं, इथं. तिला आन घातली हाय, मी असेपर्यंत तुला सांगायचं न्हाई. मला बसवायच्या दिवशी ती तुला तिथं नेईल. त्या दिवशी जागेकडं लक्ष दे. कारण माझ्यावर दगड मांडायचा न्हाई, चुना द्यायचा न्हाई. वरून औत फिरवायचं आणि हरभरा पेरायचा. लिंबाजीला बी तसंच सांगितलंय. पुढं कधी तू वरून बघशील तेव्हा सगळं एकसारखं हिरवं दिसंल. पड म्हणून दाखवायला तुझ्या बोटाला जागाच सापडायची न्हाई, आणि एखाद्या कोपऱ्यावर बोट गेलंच तर ते थरथरलं पाहिजे, की इथं तर न्हाई ना अव्वा. शेत तुझ्या नावावर केलं तेव्हा एवढं द्यायचं ऱ्हाऊन गेलं होतं, ते आता दिलं.

रजेचा अर्ज मागं घे. यंदा फेरा दीपमाला घालणार हाय, मडकं तिच्या हातात देणार हाय मी. तू आलास तर कोपीत बसून जेवशील, आणि तुला वाढताना माझा हात आखडंल. ते मला बघायचं न्हाई.

लोभ ठेव म्हणत न्हाई. तो मागून वाढत न्हाई.

अव्वा
हस्ते बानो

ता. क. येळवस एकोणीस तारखेला हाय. आदल्या दिवशी सांजच्याला आंबील कर. तू कर, सूनबाईला लावू नको. ज्वारीचं पीठ आंबट ताकात कालवून शिजव, लसूण ठेचून घाल, मिरची बेतानं, ह्यांना तिखट सोसत न्हवतं, हे तरी ध्यानात असंल. झाकणाच्या डब्यात भरून सकाळच्या पयल्या औशाच्या गाडीत चढवून दे. वखारीच्या कामावरल्या राखणदाराला मी सांगून ठेवलंय: नांदेडहून आंबील येईल, बेलाखाली खडक हाय, त्याच्यावर ओत.