पळसाच्या पानांचा गिरधर

४ डिसेंबर १९६३

बन्सीलाल मुंबईहून एकटाच परत आला. हातात थोरल्या भावाच्या कपड्यांचं गाठोडं. ओट्यावर टेकला नि मला, त्याच्या आत्याला, म्हणाला, "फुई, गिरधर गया."

मूत्रपिंडं निकामी झालीत हे ठाऊक होतं. पण एवढ्यात? चौतीस वर्षांचा माझा भाचा.

प्रेत कुठे, विचारलं. मान खाली घालून म्हणाला, डॉक्टरांना अभ्यासाला हवं होतं, कागदावर सही दिली. आणखी विचारणार होते. पण आधीच खचलेल्या पोराला किती टोचायचं?

गिरधरच्या बायकोनं, सरलानं, बांगड्या फोडल्या. मी तिला धरून बसले होते.

७ डिसेंबर

प्रेत नाही तर अग्नी कशाला द्यायचा? भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करायला सांगितला. पानं मी लावली. डोक्याला नारळ. गिरधरचं धोतर नेसवलं. सकाळी नवाच्या सुमारास तापीकाठी बन्सीनं अग्नी दिला. पानं ओली होती, तरी भडकन पेटली.

१३ डिसेंबर

दहावा. कावळा शिवेना. बाभळीवर सात-आठ बसले होते, सगळे पिंडाकडे पाठ करून. सरलाला अंतर देणार नाही म्हटलं, बन्सीला सांभाळू म्हटलं — एकानं मान वळवली नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

२१ डिसेंबर

भटू पोस्टमन कार्ड देऊन गेला.

"अनुफुईस सा. न. मला बरं आहे. पोटात पाणी सोडून रक्त धुतात. न्यायला कुणी या. — गिरधर." तारीख सोळा.

अक्षर त्याचंच. माझंही तसंच आहे म्हणा — विधवा होऊन भावाकडे आले तेव्हा गिरधरच्याच पाटीवर गिरवत शिकले. मास्तरसुद्धा फसायचे.

कार्ड बन्सीपुढे धरलं. तो भिंतीला धरून खालीच बसला. गिरधर बेशुद्ध होता म्हणे. डॉक्टर म्हणाले, आशा नाही, एक नवा उपाय करून बघतो. गेला तर शरीर अभ्यासाला द्याल का? यानं सही केली नि गाडी धरली. "फुई, जित्ताले सोडी उनू, हाई कसं सांगू?" जिवंत भावाला टाकून आला होता.

त्याला उद्याच परत धाडते. सरलाला सांगितलं. ती हसली नाही, रडली नाही. नुसती मोकळ्या मनगटांकडे बघत राहिली.

२७ डिसेंबर

गिरधर आला. गल्लीतली दारं एकामागून एक लागली. सरला चुलीमागे उभी, पदर तोंडात.

"चहा मांड ना व. भूत चहा पेस का?" तो म्हणाला. तेव्हा कुठे ती हलली.

शुद्धीवर कधी आलास, मी विचारलं. सात तारखेला, सकाळी नऊला. नर्सनं वेळ लिहून ठेवलीय. "आंग भाजी ऱ्हायनं व्हतं, फुई. मंग डोळा उघडी गयात."

पुतळ्याचं त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. बन्सीनं तर नाहीच.

३० डिसेंबर

भटजींचं म्हणणं, क्रिया झालेला माणूस घरात जेवू शकत नाही. आधी जन्म घ्यायला हवा. तुपापाण्यानं न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं. एवढं थोरलं बाळ — मांडी बधिर झाली. "फुई, अंगाई म्हण," म्हणतो मेला!

कानात नाव आत्यानंच सांगायचं. चौतीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. मग सरलाशी पुन्हा लग्न. बांगड्या भरून झाल्यावर तिनं मला आत ओढलं.

"फुई, परत बांगड्या फोडाले सांगशात, ते मी तापीमा जासू."

उगीच बोलणारी बाई नाही ती; म्हणाली तर तापीत जीव देईलही.

९ जानेवारी १९६४

मीठ बंद. डाळ बंद. केळंसुद्धा बंद — घरची केळीची बाग, नि हा बघत बसतो. डॉक्टरांसाठी रोजची लघवी मापून लिहिते. काल पेलाभर. आज अर्धा.

१० जानेवारी

त्याच्या कपाळावर पांढरी भुकटी. मिठासारखी. महिन्याभरात मिठाचा कण पोटात नाही. ओल्या फडक्यानं पुसली. तिन्हीसांजेला पुन्हा आली, आता गळ्यावरही.

सरला म्हणते, राख आहे.

१६ जानेवारी

मी कळवलं होतं, त्यावर डॉक्टरांचं पत्र. ही भुकटी रक्तातली घाण घामातून येते, राखबिख नव्हे. घेऊन या, पुन्हा धुऊन बघू. पण मूत्रपिंडं आता सुरू व्हायची नाहीत, आणि पोट किती वेळा सोसेल ते आम्हीही अजून शिकतोय. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवता येईल का, विचारलं होतं — माझं घ्या म्हणून. तर लिहितात, ते काम आमच्याकडे अजून कुत्र्यांवरच चाललंय.

मीच घेऊन जाते. बन्सीला नको.

१९ जानेवारी, मुंबई

दोन बाटल्या पाणी नळीनं पोटात. अर्ध्या तासानं बाहेर. आत जाताना स्वच्छ, येताना गवती रंगाचं. डॉक्टर प्रत्येक माप वहीत लिहितात. पोरसवदा आहेत, डोळे जागरणानं लाल. रात्रंदिवस हेच.

आज गिरधरनं मला ओळखलं. म्हणाला, पाय थंड पडलेत, तिकडे कुणी पेटवा की काहीतरी.

२१ जानेवारी

बाहेर येणारं पाणी गढूळ झालं. ताप. डॉक्टरांनी वही मिटली नि माझ्याशेजारी बाकावर येऊन बसले.

२२ जानेवारी

पहाटे गेला. कानात तिसऱ्यांदा नाव सांगितलं. त्यानं वळून बघितलं नाही.

तोच कागद पुढे आला. पुढच्या माणसाला उपयोग होईल, डॉक्टर म्हणाले. अंगठा नाही, सही केली.

२३ जानेवारी, मुंबई सेंट्रल

गाडीला अवकाश आहे. इथलाच शिक्का बसावा म्हणून कार्ड इथेच लिहिलं, इथल्याच पेटीत टाकलं —

"सरलास, मला बरं आहे. रक्त धुणं चालू आहे. दिवस लागतील. बांगड्या जप. — गिरधर."