लेबलावरचा 'च'

दि. ११, मंगळवार, दुपार

चि. चिमीस,

दादाचे आशीर्वाद, तुला अजून चालत असतील तर. इकडे सगळं ठीक. तुझं आणि जावईबापूंचं ठीक असेल असं धरून चालतो.

माझ्या हातांनी केलेल्या वस्तूंची यादी आधी देतो. घाणा: लाकडी, उखळ आणि त्यात फिरणारी लाट दोन्ही मीच तासलेली. तिसऱ्या प्रयत्नात जमला, पहिले दोन चुलीत गेले. मोटर जुन्या पिठाच्या गिरणीची, पण तिचा वेग मी उतरवून मिनिटाला बारा फेऱ्यांवर आणला, म्हणजे तेल तापत नाही. खोबरं वाळवायची कपाटं चार, प्रत्येकात नऊ जाळ्या. चार पदरी कापडाची गाळणी. बाटली भरायची तोटी, दोनशे मिलिलिटरला आपोआप थांबणारी. तुझ्या दवाखान्यातल्या इंजेक्शनवर ठेवत नसशील एवढा विश्वास माझा या तोटीवर आहे. आणि लेबल. त्यावरची अक्षरं मी बोरूने काढलेली, फोटोतले हात आपल्या आईचे. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाने, कुणाकडे न शिकता केलेलं हे काम आहे, आणि शुक्रवारी एक मोठी कंपनी ते विकत घ्यायला येते आहे.

त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. गळ्यात कायम टाय. तुझी वहिनी त्याला 'टायवाले भावजी' म्हणते, त्याच्या तोंडावर सुद्धा. त्याला तेल आवडलं, तोटी आवडली, पण सगळ्यात जास्त आवडली लेबलावरची ओळ. 'कोरडी कातडी, भेगा, खरचटणे, जखम: गुण येतोच.' म्हणाला, "काका, हा शेवटचा 'च' आहे ना, तो लाखात एक आहे."

हे तुला मुद्दाम लिहितो. दोन वर्षांपूर्वी याच 'च'वरून तू जेवणाच्या ताटावरून उठून गेलीस. तू म्हणालीस, "दादा, कोरड्या कातडीला मी स्वतः तुझंच तेल लावते. पण 'जखम' काढ आणि 'च' काढ." मी म्हणालो, 'च' काढला तर उरतं काय? 'गुण येतो' असं तर कुणीही लिहितं. तू म्हणालीस, "मग तुझा 'च' तुलाच लखलाभ." तेव्हापासून तू फोन आईला करतेस आणि मी शेजारी बसलेला असलो तरी "दादा बरा आहे ना?" असं तिलाच विचारतेस.

गवंड्यांचे फुटलेले तळवे या तेलाने मऊ झालेत. बेकरीवाल्याच्या बायकोचे कोपर, माझ्या स्वतःच्या टाचा, आईचे हात. शहात्तराव्या वर्षी असे हात दाखव मला कुणाचे. रोज सकाळी दोन चमचे मी पितोही. यातलं एक अक्षर खोटं नाही.

आई मजेत आहे. शुक्रवारी ती टायवाल्यासमोर बसून हात दाखवणार. पायाला किरकोळ काहीतरी झालंय, चप्पल चावलीय. मी बघतोय.

सहज विचारतो. तुमच्याकडे अंगठ्याखालची जखम भरायला साधारण किती दिवस धरतात? शुगर असलेल्या माणसाची. एक गिऱ्हाईक विचारत होतं.

वहिनी हाक मारतेय. बाकीचं नंतर लिहितो.


दि. १५, शनिवार, सकाळी साडेदहा, इस्पितळातला बाक

चिमे,

वरचं पत्र टाकलं नव्हतं. गिऱ्हाईक वगैरे कुणी नव्हतं.

काल संध्याकाळी फोनवर तुला एवढंच सांगितलं की आईला ताप आहे, पायाला जखम आहे, भरती केलंय. तू एकच विचारलंस, "कधीपासून?" मी म्हणालो, तीन दिवस. तू सोमवारी सकाळी पोचशील म्हणालीस. तू आलीस की हे पत्र तुझ्या हातात देईन आणि बाहेर जाऊन उभा राहीन. तोंडाने सांगायला बसलो तर मी स्वतःची वकिलीच करेन, ते तुला माहीत आहे.

जखम तीन दिवसांची नाही. आज तेविसावा दिवस.

सुरुवात खरंच चपलेने झाली. उजव्या अंगठ्याखाली, आठ मिलिमीटर. मी गरम पाण्याने धुतली, तेल लावलं, पट्टी बांधली. वरच्या यादीत ही एक वस्तू राहिली. रोज एक पट्टी, चार पदरी, गाळणीच्याच कापडाची. आई म्हणायची, "मला काय बिजागरी समजतोस, कुरकुरली की तेल?" मी विचारायचो, दुखतंय का? ती म्हणायची, नाही. मी वहीत लिहायचो: दुखणे नाही, गुण.

तू मला किती वेळा सांगितलं होतंस की शुगरमुळे तिच्या पायांना कळत नाही, तिचे पाय तू बघ. मी बघत होतो गं. रोज बघत होतो, मोजपट्टीने मोजत होतो. आठ, आठ, नऊ, नऊ, अकरा. जिथे तिला कळत नव्हतं, तिथे मी 'दुखत नाही' हा गुण धरत होतो. एवढी साधी गोष्ट. मोटरची तार तुटली की आवाज बंद होतो, म्हणून मोटर दुरुस्त झाली असं मी कधी म्हटलं असतं का?

अजून एक. बाराव्या दिवशी जखम लांबीला चौदा भरली. तेराव्या दिवसापासून मी रुंदी मोजायला लागलो. रुंदी नऊ होती. वहीत सरळ लिहिलं, नऊ. मी, ज्याला बाटलीत दोन मिलिलिटर कमी पडलेले चालत नाहीत.

मंगळवारी मी तुला वरचं पत्र लिहीत होतो तेव्हा वहिनीने हाक मारली ती आईच्या खोलीतून. म्हणाली, "अहो, पट्टीला वास येतोय. खोबऱ्याचा नाही." मी वास घेतला. मला कळलं, चिमे. त्याच क्षणी कळलं. बोटाच्या कडेला काळसर झालं होतं. वहिनी म्हणाली, "रिक्षा बोलावते." मी म्हणालो, शुक्रवार होऊ दे. ती म्हणाली, "शुक्रवारी काय आहे? माणूस तेल घ्यायला येतोय, तुमची आई नाही." मी तिच्यावर ओरडलो. गल्लीत ऐकू गेलं असेल. लेबलावर जिचे हात आहेत तिलाच घेऊन इस्पितळात गेलो आणि गावभर झालं, तर कोण घेणार हे तेल? असं मी म्हणालो. हे शब्द जसेच्या तसे लिहितोय.

काल टायवाला आला तेव्हा आईला मी पायमोजे घालून खुर्चीत बसवलं होतं. हातांना तेल लावलं होतं, छान चमकत होते. तो हात बघत होता आणि हात थरथरत होते. त्याला वाटलं वयामुळे. त्याने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "काका, आजींचा हात भाजतोय." माझ्या आईला ताप आहे हे मला एका परक्या माणसाने सांगितलं.

इथली डॉक्टर तरुण आहे, तुझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. पाय बघून तिने विचारलं, "किती दिवस झाले?" मी म्हणालो, तीन. मनात म्हटलं, हे काही खोटं नाही, मला कळल्याला तीनच दिवस झालेत. बघ कसं चालतं माझं डोकं. तिने आईला विचारलं, "आजी, बरोबर आहे का? तीनच दिवस?" आईने माझ्याकडे बघितलं. तापात होती, पण तिला दिवस माहीत होते, रोज पट्टी मी तिलाच तर बांधत होतो. ती म्हणाली, "तो सांगतो तेवढे."

डॉक्टरने कागदावर तीनचा आकडा घातला. आज सकाळी येऊन म्हणाली, "तीन दिवसांचीच आहे म्हणजे हाडापर्यंत गेली नसावी. सलाईनमधून औषध देऊ, रोज ड्रेसिंग करू आणि सोमवारी बघू." मी मान हलवली. ती गेल्यावर आई डोळे मिटूनच म्हणाली, "एवढा मोजणारा तू. तुझं गणित कधी चुकलं होतं रे?"

बस्स, एवढंच म्हणाली. मग पाणी मागितलं.

वही माझ्या पिशवीत आहे. घरून निघताना सवयीने घेतली. डॉक्टरची खोली या बाकापासून एकवीस पावलांवर आहे, दार उघडं आहे. पेशंट आत आहे म्हणून थांबलोय, असं मी स्वतःला सांगतोय. पेशंट बाहेर आला. अजून बसलोच आहे.

सोमवारपर्यंत हाड


दि. १७, सोमवार, पहाटेचे पाच चाळीस

वर 'हाड'पाशी पेन तसंच टाकून उठलो होतो. आता पुढचं.

आत गेलो आणि वही टेबलावर ठेवली. म्हणालो, तेवीस दिवस. बाराव्या दिवसानंतरचे आकडे रुंदीचे आहेत, लांबी त्याच्या दीडपटीहून जास्त धरा. तिने पानं चाळली. मला वाटलं आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, एवढं नीट तर आमची माणसंही लिहीत नाहीत." आणि लगेच उठून फोनवर कुणाला तरी सांगायला लागली, आत्ताच्या आत्ता स्कॅन. मग माझ्याकडे वळून, "हे कालच का नाही सांगितलंत?" तिने जुना कागद ओढला, तीनवर आडवी रेघ मारली आणि शेजारी तेवीस लिहिलं. त्या खाडाखोडीशेजारी माझी सही घेतली.

हाडाला लागण झाली होती. काल, रविवारी सकाळी ऑपरेशन झालं. अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. पाऊल वाचलं. डॉक्टर म्हणाली, सोमवारपर्यंत थांबलो असतो तर आज पावलाचं आणि उद्या कदाचित घोट्याच्या वरचं बोलत असतो. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. हाच कागद तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी झाला असता तर साध्या ड्रेसिंगवर भागलं असतं, असंही मी तिला विचारून घेतलं. ती म्हणाली, "बहुतेक." पुढे मागे काही लावलं नाही. बहुतेक.

आई शुद्धीवर आहे. ताप शंभरच्या खाली. तिला बोटांचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "दोन बोटं कमी, तुझं मोजणं आता लवकर संपेल." वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मला हसू का रडू कळेना. तू आलीस की आईला बिस्किटं मागू देऊ नकोस, शुगर अजून वर आहे.

काल दुपारी घरी जाऊन उरलेली लेबलं मोजली, दोन हजार तीनशे चाळीस. दुकानातल्या बाटल्या परत मागवल्यात, एकशे बारा आल्या, अठ्ठावीस यायच्या आहेत. नवी ओळ बोरूने काढली आहे. 'कोरड्या, न फुटलेल्या कातडीसाठी. उघड्या जखमेला लावू नये, डॉक्टरांना दाखवावे.' अक्षर थोडं बारीक करावं लागलं. तू एकदा वाचून घे, 'न फुटलेल्या' बरोबर आहे की दुसरा काही शब्द हवा, ते तू सांग. सांगशील तसं करेन. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

एक मात्र मागतो. आईला घेऊन जायचं म्हणशील. तुझा हक्क आहे, मी अडवणार नाही. पण ड्रेसिंग कसं करायचं ते मला शिकव. लांबून बघून नको, हाताला हात लावून, तुमच्या कामाला आलेल्या नव्या मुलींना शिकवतेस तसं. चुकलो तर ओरड. मी आजवर कुणाकडून काही शिकलो नाही, याचाच मला गर्व होता.

तुझी बस सव्वासातला येते. वहिनी थांब्यावर येईल, मी वॉर्डाच्या दाराशी आहे. आत गेल्यावर आधी आईच्या पायाकडे बघ, मग माझ्याकडे बघायचं की नाही ते ठरव.

तुझा,
ज्याला तू अजून दादा म्हणावंस असं वाटतं तो

ता. क. टायवाला काल संध्याकाळी इथे वॉर्डातच येऊन गेला, त्याचं वहिनीकडून कानावर येण्याआधी माझ्याकडून ऐक. आईच्या पायाचं त्याला कळलं होतं. म्हणाला, त्यांची काही अडचण नाही, फोटोत पाय नाहीतच. त्यांना हवं होतं ते असं: तेलाची कृती, घाणा आणि तोटीचे आराखडे, आईच्या हातांचा फोटो, लेबलावरची ओळ 'जखम' आणि 'च' यांच्यासकट, आणि या तेवीस दिवसांबद्दल मी कुठे बोलणार नाही असा सही केलेला कागद. मी लगेच 'नाही' म्हणालो नाही, तेही लिहितो. मी आकडा पुन्हा सांगायला लावला, जिन्यापर्यंत त्याच्याबरोबर गेलो, आणि जिन्यात 'नाही' म्हणालो. आकडा होता बेचाळीस लाख पन्नास हजार.